बेलभंडार आणि तीन वाट्या खरवस

मार्गशीर्ष शुद्ध १, शके १७०७. कसबा पेठ, पुणे.

दीनानाथपंतांनी आज माझ्या गळ्यात दोन शेतकरी बांधले. पंत कचेरीत माझे वरिष्ठ. सहा वर्षे नाशकात न्यायशास्त्र घोकून आलेल्या माणसाला त्यांनी आजवर पत्रे नकलण्यापलीकडे काम दिलेले नव्हते. त्यामुळे आधी मला आनंदच झाला, मग प्रकरण कळले.

मांजरी गावचा मच्छिंद्र आणि त्याचा चुलतभाऊ बजरंग यांच्या मळ्यांमध्ये एक बांध आहे आणि बांधाला लागून विहीर. बांध नेमका कुठून जातो यावर सात वर्षे भांडण चालू आहे. विहीर ज्याच्या बाजूला येईल त्याचा मळा भिजणार, दुसऱ्याचा वाळणार. कागद नाही, जाणते साक्षीदार वारले. म्हणून पंचांनी शपथ घ्यायला लावली. काल मच्छिंद्राने खंडोबापुढे बेलभंडार उचलला, डोक्यावर शेतातले ढेकूळ घेतले आणि तो म्हणतो त्या खुणांवरून बांध चालून दाखवला. आता पंधरा दिवस वाट पाहायची. तेवढ्यात त्याला आजार, साप, आग, जनावराचे मरण, काहीही बाधले तर देवाने शपथ खोटी ठरवली असे धरायचे. मग विहीर तर जाईलच, शिवाय खोटा बेल उचलणारा म्हणून गावात पंगतीला कोणी शेजारी बसवून घेणार नाही.

गावात ठेवला असता तर बजरंगाच्या बाजूच्यांनी रोज एक साप काढून दाखवला असता. म्हणून त्याला तिऱ्हाइताच्या घरी ठेवायचे ठरले. तिऱ्हाईत मी, आणि घर म्हणजे माझी पडवी. प्रतिपक्षाला डोळ्यांनी पाहण्याचा हक्क, म्हणून बजरंगही तिथेच. मी रोज सरकारी कागदावर ‘बाधा नाही’ किंवा ‘बाधा आहे’ असे लिहायचे.

मी पंतांना म्हणालो, हा सगळा हेत्वाभास आहे. कारणासारखे दिसते, पण कारण नाही. ताप खोट्याला येतो तसा खऱ्यालाही येतो. जो हेतू दोन्हीकडे सापडतो त्याला शास्त्रात सव्यभिचार म्हणतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पंत मान वर न करता म्हणाले, “शास्त्रीबुवा, आपले शास्त्र आपल्या वहीत ठेवा.”

म्हणून ही वही. ती पोथ्यांमागे राहील. माझी बायको मथुराबाई हिच्याविषयीही इथे मोकळेपणाने लिहिता येईल, कारण पोथ्यांच्या फडताळाला ती हात लावत नाही.

शुद्ध २

सकाळी मच्छिंद्राच्या खांद्यावर पाल पडली. बजरंग समोरच्या खांबाला टेकून बसला होता, तो उठलाच. “लिवा, शास्त्रीबुवा.”

मी विचारले, तुझ्या अंगावर कधी पाल पडली होती का? म्हणाला, दोनदा. मग तू दोनदा खोटा का? त्यावर तो म्हणाला, “तवा म्या बेल उचलला नव्हता.” उत्तर अगदीच टाकाऊ नाही. हा माणूस नाशकात असता तर पाठशाळेत चमकला असता.

कचेरीत पंतांचे मत घेतले. ते म्हणाले, पाल पुण्याची आहे, मांजरीच्या भांडणाशी तिचा संबंध नाही. पंतांचा हा तर्क मला कोणत्याच पोथीत सापडत नाही, पण निकाल योग्य आहे. बाधा नाही.

आमटी आज फार खारट होती. बोललो नाही.

शुद्ध ३

आमटीत मीठ मुळीच नाही. काल मी मनात आणले आणि आज तसे झाले. शास्त्र न शिकलेला माणूस यात काहीतरी संबंध जोडील. मी जोडत नाही. हा योगायोग.

मच्छिंद्र बोलत नाही. रिकाम्या हातांनी बसायची त्याला सवय नाही. माझ्या नजरेआड त्याने आमच्या विहिरीचा दोर नवा वळला आणि परसातले आळे खणले. मी त्याला बजावले की झाडावर चढायचे नाही, नदीवर जायचे नाही, जड काही उचलायचे नाही. मला निष्पक्ष राहायचे आहे, तेव्हा त्याला इजा होऊ नये हे बघणे माझे कामच आहे. (हे वाक्य पुन्हा वाचले. कुठेतरी सैल वाटते. उद्या पाहीन.)

शुद्ध ४

कचेरीत जायला निघालो तर दारात तेली आडवा आला. अपशकुन म्हणून घरात येऊन पाटावर घटकाभर बसलो आणि मग निघालो. मथुराबाईने विचारले, तेलीही त्याच वेळी घरातून निघाला होता आणि त्याला आपण आडवे गेलात, तर त्याचे काय वाईट झाले?

मी सांगितले की बायकांनी शास्त्रात पडू नये. तिला उत्तर देता आले नाही. वादात प्रतिपक्ष गप्प झाला म्हणजे आपला जय झाला, हे सर्वमान्य आहे.

बाधा नाही.

शुद्ध ६, चंपाषष्ठी

आज मजा आली. सकाळी मच्छिंद्राची बायको सोजरबाई मांजरीहून साडेतीन कोस चालत आली, डोक्यावर वांग्यांची पाटी. मच्छिंद्र आषाढापासून वांगे खात नव्हता. आज खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सोडायचे, असा त्यांचा नेम. वांगी वादातल्याच मळ्यातली होती. बजरंगाने एक उचलून उलटेसुलटे पाहिले आणि परत पाटीत ठेवले.

मग अडचण उभी राहिली. नैवेद्यानंतर तळी भरायची असते. ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी ठेवून पाच पुरुषांनी मिळून ते तीनदा उचलायचे आणि येळकोट करायचा. यांच्या घरी भावकीतले पुरुष ते उचलतात. पण भांडण लागल्यापासून सात वर्षे एका घराच्या दोन तळ्या होत होत्या. इथे पडवीत भावकी म्हणजे हे दोघेच.

मच्छिंद्र ताम्हनापुढे बसून राहिला. बजरंग खांबाशी. शेवटी सोजरबाई कोणाकडेही न बघता म्हणाली, “देव एक हाय. ताट बी एकच आनलंय.”

बजरंग उठून आला. आमचे कुलदैवतही जेजुरीचेच, त्यामुळे मीही हात लावला, आणि गल्लीतले दोघे बोलावले. झाले पाच. मच्छिंद्राने भंडारा उधळला. बजरंगाच्या डोळ्यांत एकदम पाणी आले. भंडारा डोळ्यात गेला असावा, कारण हळद डोळ्यात गेली की पाणी येते हा कायमचा संबंध, म्हणजे व्याप्ती, निर्दोष आहे.

भरीत उत्तम होते असे ऐकले. आम्ही आमचे वेगळे केले, त्यात मथुराबाईने कांदा घालू दिला नाही.

शुद्ध ८

बजरंगाची दक्षता वाखाणण्यासारखी आहे. काल थंडी फार होती. पहाटे पाहिले तर मच्छिंद्राच्या अंगावर दोन घोंगड्या, आणि बजरंग आपल्या धोतराचा सोगा पांघरून बसलेला. अंगावर घोंगडी असली की झोप लागते आणि पहारा ढिला पडतो, म्हणून त्याने ती काढून टाकली असणार. मी त्याला म्हणालो, असा प्रतिपक्ष मी पाहिला नाही.

दिवसभर दोघे अंगणात पट मांडून सोंगट्या खेळले. विहिरीत पोहायला शिकताना कोण कोणाच्या मानेवर बसला होता, यावर वाद. हा वाद प्रत्यक्ष प्रमाणाने सुटण्यासारखा नाही हे मी त्यांना समजावले. दोघे हसले. माझ्या विधानात हसण्यासारखे काही नव्हते.

शुद्ध १०

सोजरबाई पुन्हा आली. घरची म्हैस व्याली, रेडी झाली, दोघी खुशाल. मी तडक कचेरीत जाऊन पंतांना विचारले: म्हैस मेली असती तर देवाचा कोप धरला असता, मग व्याली तर देवाची कृपा का धरू नये? पंत म्हणाले, नियमात कृपेचे कलम नाही. मी म्हणालो, मग हा एका पारड्याचा तराजू झाला. पंत म्हणाले, तराजू सरकारचा आहे, आपण फक्त कागद आणायचा.

संध्याकाळी मथुराबाईने सोजरबाईने आणलेल्या चिकाचा खरवस केला. गूळ, वेलदोडा, वर किंचित जायफळ. मी तीन वाट्या खाल्ल्या. तिसरी मागितली तेव्हा मथुराबाईने एकदा पाहिले, पण वाढली. पडवीत एक पातेले गेले. बजरंगाने आपली वाटी मच्छिंद्रापुढे सरकवली. शत्रूच्या म्हशीचे खायचे नाही असा मानी स्वभाव दिसतो. मच्छिंद्राने दोन्ही संपवून पातेलेही पुसले. सात वर्षांत इतके गोड खाल्ले नाही, म्हणाला.

शुद्ध ११

एकादशी आपोआप घडली. पोटात कळा, अंगात कणकण, उठवत नाही. नीट आठवून पाहिले. परवा कचेरीतून येताना मांजर आडवे गेले होते आणि मी घाईत तसाच पुढे आलो होतो. त्याचेच हे.

मथुराबाई म्हणाली, “तीन वाट्या.”

ओवा आणि सुंठ घेऊन पडून आहे. पडूनही कर्तव्य सोडलेले नाही. खिडकीतून पडवीच्या बाजूला धूर दिसला. धुरावरून अग्नीचे अनुमान, म्हणजे चूल पेटलेली आहे, म्हणजे स्वयंपाक चालू, म्हणजे भूक उत्तम, म्हणजे प्रकृती ठणठणीत. इतके शुद्ध अनुमान मी नाशकातही केले नव्हते. बजरंगाला हाक मारून खात्री केली. तो दाराशी येऊन म्हणाला, “समदं ब्येस हाय, शास्त्रीबुवा. मच्छिंद्र निजलाय.” त्याच्या हातात तांब्या होता.

कागदावर लिहिले: बाधा नाही.

शुद्ध १२

आजही धूर सकाळपासून. शेतकरी माणसांचा आहार मोठा. मच्छिंद्र आजही निजलेलाच आहे असे बजरंग सांगतो. विश्रांतीने माणूस आळसावतो हे खरेच.

माझी कळ थांबली. मुगाचे कढण घेतले. बाधा नाही.

शुद्ध १३

उठून हिंडतो आहे. मच्छिंद्रही उठला, जरा उतरलेला दिसतो. आळसाचा परिणाम.

घरातला ओवा आणि सुंठ पार संपली आहे. मी घेतला तो दोन चिमटीच. मथुराबाईला विचारले तर म्हणाली, उंदीर. उंदरांना सुंठ आवडते हे मला माहीत नव्हते, पण आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द, हेही प्रमाणच आहे. बुरूड आळीत पिंजरा सांगितला, परवा मिळेल.

शुद्ध १५

मुदत आज संपली. पंधरा कागद, पंधरा वेळा ‘बाधा नाही’. उद्या पंचांपुढे ते वाचले की मच्छिंद्राची विहीर त्याची. एवढे झाले तरी माझे मत तेच आहे की यातून सिद्ध काहीच झाले नाही. पण निकाल हवा तसा लागत असला की दोष दाखवायची घाई कोणी करत नाही, मीही नाही.

मच्छिंद्र मात्र जेवला नाही. दिवे लागायच्या सुमारास माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “शास्त्रीबुवा, जे घडलं आन कुणी लिवलं न्हाई, ते घडलं का न्हाई?”

अशा प्रश्नाची मी सहा वर्षे वाट पाहत होतो. वस्तूचे असणे वेगळे आणि वस्तूचे ज्ञान वेगळे, हे मी त्याला घट, पट, अंधारातली दोरी सगळे देऊन सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, “मंजी घडलं.” आणि उठून गेला. बजरंग खांबाजवळून त्याच्याकडे पाहत होता.

इतका चांगला शिष्य मला आजवर मिळाला नाही.

वद्य १

काय झाले ते क्रमाने लिहितो.

पंच जमले. दीनानाथपंतांनी माझे पंधरा कागद वाचले आणि रिवाजाप्रमाणे बजरंगाला विचारले, तू प्रतिपक्ष, तू डोळ्यांनी पाहिलेस, तुला काही बाधा दिसली काय? बजरंगाने एकदा मच्छिंद्राकडे पाहिले. मग म्हणाला, “न्हाई. काय बी न्हाई.”

पंतांनी बोरू उचलला. तेवढ्यात मच्छिंद्र उभा राहिला.

“मला ताप हुता. एकादशीला आन बारशीला. शास्त्रीबुवांस्नी ठावं न्हाई, त्ये आजारी हुते. ह्या बजरंगानं दोन दिस चूल पेटवून मला काढा पाजला आन कुनाला सांगू दिलं न्हाई. पर म्या बेल उचललाय. हीर गेली तर जाऊ द्या.”

सोजरबाईने पदर तोंडाशी धरला. माझ्या डोक्यात धूर, तांब्या, ओवा, सुंठ, सगळे एका ओळीत येऊन उभे राहिले. धुरावरून अग्नी मी बरोबर ओळखला होता. त्यावर भाकरी आहे की काढा, हे मात्र मी दहा पावले चालून पाहिले नाही. लाज वाटली, आणि भीतीही वाटली, कारण आता विहीर जाणार हे दिसत होते.

मी पुढे झालो. म्हणालो, त्याच दिवशी तोच आजार मला झाला आणि मांजरीत माझा कोणताही बांध नाही. दीनानाथपंत म्हणाले, “आपण बेल उचलला होता काय?”

मी म्हणालो, “नाही. वाटी उचलली होती. तीनदा.”

दोन पंच हसले, पण सर्वांत वृद्ध पंचांनी नकारार्थी मान हलवली. नियम स्पष्ट आहे, ताप तो ताप. मी सव्यभिचार सांगितला, प्रतिहेतू सांगितला, पंधरा दिवस मनात रचलेले सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या मतावरून हलले नाहीत. खरे मुद्दे होते सगळे. एकही उपयोगी पडला नाही.

तेव्हा बजरंग मधे आला. पंचांकडे नाही, मच्छिंद्राकडे बघत बोलला.

“आपली हीर जाताना जो खरं बोलतो, तो द्येवाफुडं खोटं बोलंल व्हय? बांध त्याचाच हाय. मला ठावं हुतं. माज्या बानं मरताना सांगितलं हुतं, म्या ऐकून न ऐकल्यावानी क्येलं. माजा दावा न्हाई. आता ताप मोजा न्हाईतर मोजू नगा.”

मग मच्छिंद्र म्हणाला की हीर माझ्याच नावावर राहू द्या पण पाणी पाळीने दोघे घेऊ, आमचे दोघांचे बाप हयात होते तेव्हा तसेच घेत. बजरंगाने तोंड फिरवले. त्या वेळी तिथे भंडारा नव्हता.

प्रतिपक्षानेच दावा सोडला म्हटल्यावर शपथेच्या परीक्षेचे काम उरले नाही, असे पंचांनी ठरवले. पंत निकाल लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबून त्यांनी मला विचारले, “श्रीनिवासशास्त्री, बजरंगाच्या युक्तिवादात काही दोष?”

दोष होता. एकदा खरे बोलणारा माणूस आधीही खरेच बोलला होता असे म्हणता येत नाही. हेतू दोन्हीकडे सापडतो. पाठशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही तो दिसेल. माझ्या जिभेवर आलाही होता.

“नाही,” मी म्हणालो.

“आश्चर्य आहे,” पंत म्हणाले आणि शिक्का मागवला.

दुपारी ते तिघे मांजरीला गेले. पाटी बजरंगाच्या डोक्यावर होती. पडवी फार मोठी दिसते आहे. बुरुडाने पिंजरा आणून दिला, तो दाराशी ठेवला आहे.

वद्य २

सकाळी वही उघडली तर कालच्या मजकुराखाली काही ओळी. अक्षर माझे नाही, मोठे मोठे आणि सावकाश काढलेले. त्या अशा आहेत:

‘मच्छिंद्राने खरे सांगितले म्हणून मीही सांगते. उंदीर नव्हते. ओवा व सुंठ मी पडवीत दिली. आपणांस सांगितले असते तर आपण कागदावर लिहिले असते, आणि आपल्याला तेच लिहायला सांगितले होते. पिंजरा परत करावा. फडताळ मी दर आठवड्याला पुसते. आमटीत मीठ किती हवे ते एकदा तोंडाने सांगावे.’

शुद्ध २ आणि शुद्ध ३ ची पाने पुन्हा वाचली. मग शुद्ध ४ चे. ते दोनदा वाचले.

स्वयंपाकघरात गेलो. ती डाळ निवडत होती. मी म्हणालो, तेल्याचे त्या दिवशी काहीच वाईट झाले नव्हते. मी विचारून आलो.

ती म्हणाली, “कधी?”

“त्याच दिवशी,” मी म्हणालो, आणि मीठ किती ते सांगितले.

पिंजरा परत करायला आता निघतो आहे. दारात तेली उभा आहे.

जातो.